खात्रीची खूण

“काढ ती ओळ,” आई म्हणाली.

मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली. हीच ओळ तिने मागे दोनदा काढली होती आणि दोन्ही वेळा बदल जतन करायच्या आतच आईने आपल्या फोनवरून ती परत लिहिली होती. शोध्याचं पान दोघींकडे उघडायचं. एकीने पुसलं की दुसरीला दिसायचं, दुसरीने लिहिलं की पहिलीला. आणि पानावर जे असेल ते शोध्यासाठी ब्रह्मवाक्य.

शोध्या हे नाव घरातलं. तो होता संगणकातला मदतनीस, हरवलेली माणसं शोधणारा. मुलीने धाकट्या भावासाठी त्याला काही वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं. इस्पितळं, आश्रम, पोलीस, सगळ्यांची पानं तो चाळत बसायचा, पण सांगकाम्याच. स्वतःचं डोकं लावणं त्याला मंजूर नव्हतं. पानावर भावाचा चार वर्षांचा असतानाचा फोटो होता. आजचं वय एकोणीस, हे मुलीने भरलेलं. आणि ‘खात्रीची खूण’ या चौकटीत आईची ओळ: वरचा पुढचा दात नाही.

पायरीवर आपटून पडलेला दुधाचा दात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर गर्दीत, त्याचा हात आईच्या हातातून सुटला होता.

“त्याला दात कधीच आला असेल गं,” मुलगी कितीदा तरी म्हणाली होती.

“मला नाही कळत होय? तुम्हा दोघांच्या कितीतरी आधी मलाही दात आलेत.” आई चिडायची. “पण मी तो बघितला नाही. जे बघितलं नाही ते कसं लिहू?”

वकिलाने पढवलेला साक्षीदारही इतका पक्का नसतो.

आज मात्र सकाळी नात धावत आली आणि ओठ वर करून तिने नवा दात दाखवला. आजीने बोट लावून पाहिलं. इवलासा, कडेला खरखरीत. आणि आता, दुपारी, ती खुर्ची ओढून मुलीशेजारी येऊन बसली होती.

“नक्की ना? परत लिहिणार नाहीस?”

“काढ म्हटलं ना. आला असणारच त्याला. कुणाला तरी दाखवलाही असेल त्याने, असा ओठ वर करून.” तो दात आपल्याला दाखवला गेला नाही, याचं तिला इतकी वर्षं वाईट वाटत होतं, आणि हे ती आज पहिल्यांदा बोलली होती.

मुलीने ओळ पुसली, बदल जतन केला. क्षणभराने पानावर शोध्याचं उत्तर उमटलं: ‘बदल मिळाला. या खुणेमुळे बाजूला ठेवलेले फोटो पुन्हा दाखवतो.’

“बाजूला ठेवलेले म्हणजे?” आईने विचारलं.

मुलीलाही ते ठाऊक नव्हतं.

फोटो यायला लागले. पहिला चांगला दाढीवाला होता. “छे, नाक बघ ना त्याचं,” आई म्हणाली. दुसरा गेला, तिसरा गेला. भाजीवाल्यापुढे बसून टोमॅटो निवडावेत तशी ती भराभर बाजूला सारत होती. मग चौथा आला आणि तिचा हात थांबला.

नऊ-दहा वर्षांचा मुलगा. बारीक कापलेले केस. कान बाहेर आलेले, या घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांचे असतात तसे. तो हसत होता आणि पुढचे दोन्ही दात दिसत होते.

“हाच,” आई म्हणाली. अगदी हळू, शेजारी कुणीतरी झोपलेलं असावं तसं.

मुलीला रडू फुटलं. आई रडली नाही. ती पडद्याच्या जवळ सरकली. “मोठे आलेत गं दात. माझ्यावर गेलाय.” आणि लगेच, “कुठे आहे? वाच ना.”

मुलीने डोळे पुसले. मुलांची एक संस्था होती, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावरची. लहान असताना दाखल झाला, बरेच दिवस बोललाच नाही, म्हणून नाव संस्थेनेच ठेवलं. अठरा पूर्ण झाल्यावर मागच्या वर्षी संस्था सोडली. सध्याचा पत्ता नाही.

“मागच्या वर्षी,” आई म्हणाली. “म्हणजे मागच्या वर्षापर्यंत तिथेच होता.”

“हो, पण आता लागेल पत्ता. आता आपल्याला नाव कळलंय, आपण उद्याच तिथे जाऊ, तिथली माणसं…” बोलता बोलता तिची नजर फोटोखाली शोध्याने केलेल्या शेवटच्या नोंदीवर गेली आणि तिने पडद्यावर तळहात ठेवला.

“काय आहे तिथे?”

“काही नाही गं. त्यांचं आपलं काहीतरी.”

“हात काढ.”

“आई, राहू दे ना.”

“हात काढ. मला वाचता येतं.”

मुलीने हात काढला नाही. तेव्हा आईनेच तिचं मनगट धरलं, हळूच बाजूला केलं आणि चष्मा नीट बसवला. मग पहिलीतल्या पोरीसारखा एकेक शब्द सुटा करत ती मोठ्याने वाचू लागली.

“तीन वर्षांपूर्वी पाहिला. चेहरा जुळला. पुढचा दात शाबूत. वगळला.”