हव्वा ऐकेना

"नाही खाणार!" हव्वा म्हणाली, आणि तिने सफरचंद पाठीमागे लपवलं.

झालं! तालमीत दहा वेळा बिनबोभाट खाल्लं होतं पोरीने. आज अख्खी मंडळी नटूनथटून चर्चच्या हॉलमध्ये बसलेली, पाळकसाहेब पहिल्या रांगेत, आणि नेमकी आजच हिला ही अवदसा आठवली.

साप शिडीवर पालथा पडून होता. शिडी त्याचीच, प्लंबिंगच्या कामाची. तिला पुठ्ठ्याची पानं डकवून झाड केलेलं. शेपूट हिरव्या पायपाचं. आणि हव्वा म्हणजे त्याचीच आठ वर्षांची लेक. त्याने घसा खाकरला, मान आणखी खाली घातली, अगदी तिच्या नाकाशी, आणि आपलं वाक्य पुन्हा म्हटलं, "घे ग, एकच घास. एकाने काय होतंय?"

पोरीने नाक मुरडलं. मग डोळे वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, की प्लंबरने झटकन तोंड मिटून घेतलं. वास! अर्ध्या तासापूर्वी, कपडे बदलायच्या खोलीत, चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने बाटली तोंडाला लावली होती. एकच घोट. वर पेपरमिंटच्या चार गोळ्या. एवढ्या लोकांपुढे बोलायचं म्हणून, दुसरं काही नाही. आणि तिसऱ्या रांगेत बसली होती त्याची बायको. तिने निक्षून सांगितलं होतं, पुन्हा एकदा जरी वास आला ना, तर पोरीला घेऊन भावाकडे निघून जाईन, मग कितीही दार वाजव. ती बोलायची तसं करायची.

"अगं, खा ना!" विंगेतून संडे स्कूलच्या बाई कुजबुजल्या. कुजबुज कसली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. हॉलमध्ये खसखस पिकली.

"नाही! एकच म्हणतात, आणि मग थांबतच नाहीत," हव्वेने ठणकावलं.

आदाम सकाळपासून त्या सफरचंदावर डोळा ठेवून होता. "मग मी खाऊ का?" त्याने विचारलं, आणि टाळ्याच पडल्या. विंगेत पुठ्ठ्याची तलवार घेऊन उभा असलेला देवदूत तर रडकुंडीला आला. हिने खाल्लंच नाही, तर बागेतून हाकलायचं कुणाला?

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "खा बेटा, खा!" मग काय, सगळेच सुटले. "खा! खा!" म्हातारे काठ्या आपटायला लागले. पाळकसाहेबांनी सकाळीच पापावर पाऊण तास उपदेश केला होता, पण त्यांनीसुद्धा हाताने घास तोंडात घातल्याची खूण केली. अख्खी मंडळी एका सुरात हव्वेला पाप करायला सांगत होती, आणि ती एवढीशी पोर ओठ घट्ट मिटून, मानेने नाही-नाही करत उभी! डोळे डबडबलेले. पण बापाचं नाव सांगत नव्हती. नुसती त्याच्याकडे बघत होती.

तिने खाल्लं की प्लंबर सुटला. आणखी एकदा गोड बोलायचं, बास. बापाचं ती नेहमीच ऐकायची. नाटक पुढे सरकलं असतं, आणि कुणाला काही कळलंही नसतं. त्याने तोंड उघडलं.

"खाऊ नकोस, बाळा," तो म्हणाला.

साप शिडीवरून उतरला. शेपूट पायरीत अडकलं, ते त्याने हिसडा देऊन सोडवलं, आणि डोक्यावरची हिरवी टोपी काढून हातात घेतली.

"तिला वास आला," त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. "मी घेतलीय. मघाशी, आतल्या खोलीत. म्हणून ती खात नाही."

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. बायको उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि तरातरा स्टेजवर चढली. आता ही पोरीचा हात धरणार आणि चालू लागणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. त्यालाही.

"कुणी पाजली?" तिने विचारलं. "त्या कामावरच्या वेल्डरने? की तुझ्या भावाने? नाव सांग मला."

वेल्डरचं नाव घेतलं असतं, तर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"कुणी नाही ग. माझ्या हाताने घेतली. नाही म्हणता येत होतं, तरी घेतली."

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत दरवेळी कुणाचं ना कुणाचं नाव निघालं होतं. कधी वेल्डर, कधी मुकादम, कधी थंडी, कधी पाठदुखी. बायबलात आदाम हव्वेचं नाव सांगतो आणि हव्वा सापाचं, तसंच. खांद्यावरची पर्स सावकाश खाली आली.

पडद्यामागे देव होते. म्हणजे आपले निवृत्त हेडमास्तर, माईक धरून केव्हापासून आपल्या वाक्याची वाट बघत बसलेले. त्यांना दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि माईक चालू आहे हे ते साफ विसरले होते. स्पीकर खरखरला, आणि तो म्हातारा, भरून आलेला आवाज हॉलभर घुमला:

"अरे बाबा, एवढंच तर ऐकायचं होतं मला!"