कारवीचा आधार

"ताई, जरा थांबूया का? सोनकी काय फुललीय बघा!"

"ताई म्हणू नकोस," मागे न बघता हेमांगी म्हणाली आणि तिने चाल आणखी वाढवली. जिने आपला नवरा नेला, तिनेच आपल्या ट्रेकला नाव नोंदवावं, या निगरगट्टपणाला काय म्हणायचं? बाकीची मंडळी खाली फुलांत रमली होती. ही शाल्मली मात्र धापा टाकत पाठीशीच होती. दमू दे मेलीला!

शिखराखालचा काळा कातळ पावसाने बुळबुळीत झाला होता आणि डावीकडे सरळ दरी होती. हेमांगी वर पोचून वळली, तेवढ्यात शाल्मलीचा पाय सटकला. तिने शेजारच्या कारवीच्या खोडाला हात घातला. ती कारवी गेल्या वर्षीच फुलून वाळलेली होती. हेमांगीला ते दिसत होतं. तरी ओरडायला तिने क्षणभर उशीर केला, आणि तो उशीर तिला गोड लागला.

खोड कडकन मोडलं. आता मात्र हेमांगीने झेप घेऊन तिचं मनगट पकडलं आणि तिला वर खेचलं.

"अक्कल आहे का? मेलेल्या झाडाला कोण धरतं?"

"यांनीच सांगितलं होतं," शाल्मली म्हणाली. "कड्यावर कारवी धरायची, ती कधी दगा देत नाही."

"त्याला ते मी शिकवलं होतं." हेमांगीने मनगट झटकून सोडलं. "एकदा फुलली की कारवी मरते. मग तिच्यावर भार टाकायचा नसतो. पण एवढं ऐकायला तो थांबला कुठे?"