सोळा घरांची अक्षरं

"चिवडा परत देतेय, राग मानू नकोस," मागच्या अंगणातल्या फाटकाच्या फटीतून उम्म तुर्की म्हणाली. "नूराच्या हिरड्या सोलवटल्या. दात नाहीत ना."

"येतील हो." पद्मिनीने डबा घेतला. "आमच्या अनुरागचे आठव्या वर्षी आले."

उम्म तुर्कीने भुवया उंचावल्या. मग म्हणाली, "इन्शाल्ला."

सौदीच्या यान्बू शहरातल्या या दोन घरांचं सगळं शेजारपण त्या फाटकापाशीच चाले. पलीकडे एक कडक सासू आहे, असं पद्मिनीच्या कानावर होतं. एक सासू निभावून झालेली बाई आपल्या पायाने दुसरीच्या दारात कशाला जाईल?

अनुराग पुण्याला कॉलेजात गेला आणि हातात मावणारा त्याचा गेम मागे राहिला. पद्मिनी आधी तो खेळायला लागली. मग दुकानांच्या पाट्या वाचून जमवलेल्या अरबीच्या जोरावर इंटरनेटवरच्या एका मंडळात शिरली. असले गेम अरबीत आणायचे, तेही निव्वळ हौसेने, हा मंडळाचा उद्योग. कैरोतला एक विद्यार्थी वाक्यं लिही, पद्मिनी अक्षरं काढी. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी उभी राहतात; अरबी हातात हात धरून चालतात, आणि शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतात. एकेकाचे तीन-चार अवतार, प्रत्येक पडद्यावरच्या आठ बाय आठ घरांत बसवायचा. जन्मभर कशिदा भरलेल्या बाईला त्यात काय जड?

"दोन वर्षं चौकोन भरतेयस," तिचा नवरा जगदीश प्लांटवरून आला की म्हणे. "एवढ्यात एक शालू भरून झाला असता."

मंडळाचा नियम एकच होता. इंग्रजीचा गंध नसलेल्या कुणीतरी गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने खेळायचा; मगच तो सगळ्यांसाठी खुला. "आमच्याकडे आहे एक," उम्म तुर्की म्हणाली होती. "दुपारच्या शाळेत जाते. आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागलीय." पद्मिनीने गेम तिच्या हाती दिला, आणि पहिल्याच आठवड्यात त्यातलं कार्ड परत आलं. खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, नूरा. सोबत निरोप: अक्षरं मुंगीएवढी आहेत, दिसत नाहीत.

"एवढ्याशा पोरीची काय ऐट," म्हणत पद्मिनीने सगळी अक्षरं पुन्हा काढली. आठाच्या जागी सोळा घरं. तीन महिने गेले.

आता जगदीशचं काम संपलं होतं. गुरुवारचं विमान होतं, आणि नूरा शेवटच्या दाराशी अडली होती. दारावर कोडं होतं; वाचून उत्तर दिलं तरच ते उघडणार. नूराला जमलं नाही तर तुझ्याऐवजी जेद्दाच्या एकाची अक्षरं घेऊ, असं मंडळाने कळवलं होतं.

"मी सांगू उत्तर?" सोमवारी पद्मिनीने विचारलं.

"सांगून बघ. जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. जेवत नाही, गोळी घेत नाही, बोट ठेवून वाचत बसलीय नुसती."

"तू ओरडू नकोस बाई तिला."

"मी? तिला?" उम्म तुर्कीने तोंडावर हात धरला. "आणि कुणाला बोलू नकोस हं. तिच्या भावांना कळलं तर चिडवून जीव नकोसा करतील."

बुधवारी दुपारी फाटक वाजलं.

"उघडलं दार," उम्म तुर्कीला धाप लागली होती. "स्वतः वाचलं तिने. यल्ला, आत चल. तुला बोलावतेय."

पद्मिनीने कपाटातला पांढरा फ्रॉक उचलला. सात वर्षांच्या अंगाचा, अंदाजाने बेतलेला; छातीवर तिच्याच सोळा घरांच्या अक्षरांत टाका-टाका भरलेलं, नूरा. सासूला काय म्हणायचं, किती वाकायचं, हे घोकत ती पहिल्यांदाच ते फाटक ओलांडून गेली.

खोलीत गादीवर एकच जण बसलं होतं. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर गेम, मेंदीने रंगलेली सुरकुतलेली बोटं. त्यातलं एक बोट फ्रॉकवरच्या टाक्यांवरून हळूहळू सरकलं.

"नू... रा," उम्म तुर्कीच्या सासूने वाचलं, आणि बोळकं पसरून हसली. "अक्षरं फार छान, पोरी. बाह्या तेवढ्या घट्ट होतील."