मान आत घे

संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे केबल आली, तेव्हा विठोबा आणि हरेश्वर हे जुने दोस्त काळाचौकीच्या हेरंबशेठच्या चॅनेलवर कुस्त्या खेळू लागले. कुस्त्या सगळ्या लुटुपुटूच्या. हरेश्वर विठोबाला खांद्यावर उचलायचा, हळूच कानात पुटपुटायचा, "मान आत घे," आणि मगच आपटायचा. बघणाऱ्यांचा जीव मात्र टांगणीला लागायचा.

परळच्या केबलवाल्याच्याही कुस्त्या होत्या, पण त्या कुणी बघेना. मग त्याने हेरंबशेठची कुस्ती व्हीसीआरवर टेप केली आणि आपल्या कार्यक्रमात सावकाश, पुन्हा पुन्हा मागे नेऊन दाखवली. "बघा मंडळी, ठोसा गालाला शिवतसुद्धा नाही!" चाळीचाळीत हशा पिकला.

पुढच्या रविवारी हेरंबशेठ हरेश्वरला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगत होता. विठोबाला एवढंच म्हणाला, "तू आपला नेहमीसारखा खेळ."

कॅमेरा सुरू झाला. हरेश्वरने विठोबाला खांद्यावर उचललं. विठोबा कान देऊन वाट बघत राहिला.


"हऱ्या... बोल ना रे!"