कचरूची गोधडी

गीताबाईच्या हातातली कात्री सदऱ्याच्या गळ्यापाशी येऊन थांबली. समोर तिची सासू सोजराबाई धोतराच्या पट्ट्या फाडत बसली होती. तिचा हात काही थांबत नव्हता.

"काप व माय," ती म्हणाली. "गेलेल्याचे कपडे पाहून पाहून माणूस झुरते."

कचरू गेला की नाही, हाच तर घोळ होता. मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्या साली तो कापसाची गाडी घेऊन खामगावला गेला. गाडी शेजाऱ्यांनी परत आणली. कचरू आला नाही. कुणी म्हणे पटकीनं गेला, कुणी म्हणे रेल्वेखाली. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. चार वर्षं झाली तरी गीताबाईनं कुंकू पुसलं नव्हतं. माहेरचे लोक पाट लावा, दुसरं घर करून द्या म्हणत होते. धाड गावचा कडूबा, बायको वारलेला, तयारही होता. पण सासरा तुळशीराम अडून बसला. पोरगा उद्या दारात उभा राहिला तर त्याला कोणतं तोंड दाखवायचं, असं तो म्हणे. गीताबाईलाही तेच वाटायचं. जित्या नवऱ्याला मारून दुसऱ्याचं घर भरायचं पाप तिला नको होतं.

आणि सगळ्यांत हट्टी सोजराबाई. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून या पोराला नजर लागू नये यासाठी तिनं नावच कचरू ठेवलेलं. त्याच्या वाट्याची भाकर ती रोज झाकून ठेवायची. पौषात ती एकटीच शेगावला महाराजांच्या दर्शनाला गेली, दुसऱ्या दिवशी काखेत लहानसं गाठोडं घेऊन परतली, आणि त्या दिवसापासून भाकर झाकायची बंद झाली. कचरू आता नाही, एवढंच तिनं घरात सांगितलं.

"कोणं सांगतलं?" तुळशीरामनं विचारलं.

"सांगणारानं सांगतलं."

महाराजांनी दृष्टांत दिला, असं गावानं ठरवून टाकलं. दृष्टांतापुढं तुळशीरामचं काय चालणार? त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि कडूबाकडे होकार कळवला.

कचरूच्या कपड्यांची गोधडी करून सुनेबरोबर द्यायची, हेही सासूनंच काढलं. पाट लागलेल्या बाईसोबत पहिल्या नवऱ्याच्या चिंध्या कोणी पाठवते का, असं आळीतल्या बायका म्हणाल्या. सोजराबाईनं कानाआड केलं.

"आत्याबाई, अन् थो आला तं?" गीताबाईनं विचारलं.

"नाही येत."

"काऊन नाही येत?"

सोजराबाई सुईत दोरा ओवत होती. दोरा दोनदा चुकला. "तू लहान हायेस अजून. कोणाच्या पायी तुही जिंदगी मी वाया जाऊ देत नाही."

मग दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि गीताबाईनं कात्री चालवली. वरचा थर तिनं जोडला. आतली भर सासूनं एकटीनं घातली. तेव्हा सून विहिरीवर होती.

पाट लागला. कडूबा मनानं मोठा निघाला. कचरूच्या नावानं पितृपंधरवड्यात पान ठेवू का, असं तिनं भीतभीत विचारलं, तर तो स्वतः केळीची पानं घेऊन आला. दोन्ही साली तिनं त्या पानापुढं हात जोडले. हळूहळू तिचं मन घरात रमलं, दुसऱ्या साली दिवसही गेले.

बाळंतपणाआधी एकदा धुवावी म्हणून तिनं गोधडी नदीवर नेली. दगडावर दोनदा आपटली तशी कडेची शिवण उसवली आणि आतला एक सदरा बाहेर आला. हिरव्या रेघांचा. तिनं तो लगेच ओळखला. खामगावला निघाला तेव्हा कचरूच्या अंगात हाच होता, तेव्हा नवाकोरा. आता दोन्ही कोपरांवर ठिगळं होती, बारीक, नेटक्या टाक्यांची, आणि तो टाका ना तिचा होता, ना सोजराबाईचा.