छापील नोंदी

बँकेच्या अधिकारी बाईंनी कागद तिसऱ्यांदा म्हाताऱ्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने कागदाची कड चिमटीत धरून पाहिली. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या कामात गेलेली. कागद हाती आला की आधी त्याची जाडी बघायची सवय. सही मात्र होत नव्हती.

शेजारी धाकटी लेक बसली होती. तिच्या मांडीवरचं बाळ पेनाला बांधलेली दोरी ओढून तोंडात घालू बघत होतं. तिने दोरी दोनदा सोडवली, तिसऱ्यांदा पेनच लांब ठेवलं.

प्रकरण साधं होतं. म्हाताऱ्याने कधी न मागितलेल्या एका विमा योजनेचा हप्ता बँक त्याच्या खात्यातून चार वर्षं कापत आली होती. त्यामुळे शिल्लक कमी पडली की त्याचा दंड वेगळा. आता बँक सगळं व्याजासकट परत द्यायला तयार होती. त्याने फक्त ‘माझी आता कसलीही तक्रार नाही’ या ओळीखाली सही करायची. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

तक्रार लेकीने लावून धरली होती. आधी पोटातल्या बाळासकट हेलपाटे घातले, मग बाळाला कडेवर घेऊन. पैसे आले की ते थोरलीच्या मुलीच्या शाळेसाठी, हे घरात ठरलेलं. थोरली गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. तिची पोर आता मावशीकडेच वाढत होती.

बाईंना वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. त्या आत जाऊन साहेबांशी बोलल्या आणि आकडा थोडा वाढवून आल्या. तरी तो सही करेना. लेक वैतागली. आता काय सबंध शाखा नावावर करून हवी आहे का, असं तिने हळूच विचारलं. तो हसला नाही.

त्याने पिशवीतून पासबुकं काढली. सगळी एकत्र शिवून, पुठ्ठा चढवून, पाठीला कापड लावून त्याने त्यांचं जाड पुस्तक केलं होतं. कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे दोन-तीन अक्षरं छापलेली होती, कुणालाही न कळणारी. तो एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारू लागला, ही तुमचीच का. बाई दरवेळी हो म्हणत राहिल्या. शेवटी थकून म्हणाल्या, आजोबा, सगळ्याच आमच्या.

लेकीने मान फिरवली. तिला जेवणाचं टेबल आठवलं. थोरली होती तेव्हा बापाचं एटीएम कार्ड तिच्याकडे असायचं. महिन्याचे पैसे तीच काढून आणायची. शिल्लक आटत गेली तेव्हा त्याने हीच पानं तिच्यापुढे उघडली, तेही जावयादेखत. मी नाही काढले बाबा, बँकेत जाऊन विचारू या, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्याला विचारायची गरज वाटली नाही. जन्मभर छापलेलं शिवत आलेला माणूस तो.

“छापलेलं खोटं बोलत नाही,” तो म्हणाला होता. “माणसं बोलतात.”

थोरलीने कार्ड टेबलावर ठेवलं आणि चपला घातल्या. पुन्हा ती त्या घरी आली नाही. बहिणीला फोन करायची, बाबा औषध वेळेवर घेतात ना, एवढं विचारायची. म्हाताऱ्याने त्यानंतर पासबुक भरून आणणंच सोडलं. थोरली गेल्यावर धाकटीने ते भरून आणलं, तेव्हा कळलं. कार्ड कपाटात पडून होतं आणि पैसे तसेच कापले जात होते.

“बाबा, पोरीची फी भरायची आहे,” लेक म्हणाली. तिचा आवाज आता वैतागलेला नव्हता.

त्याने पेन ओढून घेतलं. सावकाश, पूर्ण नावाची सही केली. बाईंनी शिक्का मारला, सुस्कारा सोडला आणि मिटलं एकदाचं, असं म्हणत कागद फाइलीत घातला.

“तुमचं मिटलं, बाई,” म्हातारा म्हणाला. “तुमची चूक पोटात घालायला मी तरी होतो. माझी घालायला ती कुठे आहे?”