भावकीची बैठक

"पुढच्या खेपेला घरचे सगळे या," असं समुपदेशक रेबेका मॅडमनी सांगितलं होतं. केडगावच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात घरचे सगळे म्हणजे मुलगा आणि आईबाप. पण मुलाच्या बापाला, भिमाजीला, सगळे म्हणजे सगळेच. सोयरीक मोडायची असो की बांधाचं भांडण, त्यांच्याकडे भावकीशिवाय बैठक बसत नाही. त्यानं कोल्हारहून जीप भरून आणली. भाऊ, बहीण, मेहुणा आणि थोरले चुलते आप्पासाहेब, तेही फेट्यासकट.

त्याची बायको सत्यशीला मात्र धास्तावली. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गंधार गांजा ओढायचा, हे फक्त त्या दोघांना ठाऊक. भावकीला 'पोराचं अभ्यासात मन लागत न्हाई' एवढंच सांगितलेलं. आता तो बिथरून उठून गेला, तर परत या दारात पाऊल ठेवायचा नाही.

मॅडमही चरकल्या. "गंधार, यांनी आत बसायचं की बाहेर, ते तू सांग."

 गंधार उठून उभा राहिला.

"बसू द्या. मी गांजा ओढायचो. आत्याच्या घरातनं घड्याळ गेलं, ते मीच इकलं. आता सोडतोय. लई जड जातंय."

आत्यानं तोंडाला पदर लावला. आत्याचा नवरा उगाच खाकरला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं सत्यशीलेला वाटलं होतं; झालं भलतंच. तिचा ऊर अभिमानानं भरून आला. एवढ्या माणसांत आपली चूक कबूल करायची छाती तिच्या अख्ख्या सासरात कुणाची नव्हती. आणि हे पोरगं तिचं होतं.

आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला. "पोरा, तू जरा भाईर जा. काय करायचं ते आमी मोठी मानसं ठरवतो."

गंधार दाराकडे वळला. लग्न होऊन आल्यापासून सत्यशीला आप्पासाहेबांपुढे कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिनं पोराचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"आप्पा, आजवर आमीच त्याला झाकून ठेवला. हितं खरं बोललेला त्यो एकलाच हाय. आज त्यो बोलंल, आन् आपन समद्यांनी ऐकायचं."